परतीचा नान

एल्योरचं अंथरूण कुठे घालायचं, हे विचारत सानोबर सकाळपासून सासूच्या मागे मागे फिरत होती. होसियतबाईंना ऐकू जात नव्हतं असं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या, गाजरं चिरत होत्या, आणि प्रश्न आला की नेमकं त्यांना काहीतरी आणायला आत जावं लागत होतं.

धाकटा मुलगा परदेशातून येणार, त्याची स्वतःची खोली अंगणाच्या उत्तर बाजूला आहे, तिला कुलूपसुद्धा नाही, नुसती कडी. दुसऱ्या कुठल्याही घरात हा प्रश्न कोणाला पडला नसता. उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या या घरात मात्र तो पडला होता, कारण ती खोली रिकामी नव्हती.

तिथे कोण राहतं, हे घरात कोणी कोणाला विचारत नसे. तेरा वर्षांपूर्वी एल्योर कोरियाला शिकायला निघाला, तेव्हा निघणाऱ्याने करायचं ते त्याने केलं होतं. आईने तंदूरमधून काढलेल्या नानाचा एक घास त्याने उंबऱ्यात उभ्यानेच तोडला, आणि उरलेला नान आईने पांढऱ्या फडक्यात बांधून स्वयंपाकघराच्या दारावरच्या खिळ्याला टांगला. गेलेला माणूस परत आला की बसून तो पुरा करतो. तोवर त्याला कोणी हात लावत नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांत रशियाला मजुरीला गेलेल्यांचे नान असेच टांगलेले असतात आणि वर्षा-दोन वर्षांत खाली उतरतात. एल्योरचा उतरला नाही. शिकायला म्हणून गेला, शिकून झाल्यावर आणखी शिकला, मग त्याहून आणखी. मधे दोनदा सुट्टीत येऊन गेला, पण होसियतबाईंनी फडकं सोडलं नाही. हे येणं नव्हे, डोकावणं झालं, असं त्या म्हणाल्या.

मग पाच वर्षांपूर्वी सानोबरचे सासरे गेले. एल्योरचा शिक्षणाचा परवाना संपून नोकरीचा मिळायचा होता आणि त्या मधल्या काळात देश सोडला असता तर दार कायमचं बंद झालं असतं. तो आला नाही. फोनवर खूप रडला, एवढंच. मातीला उशीर करत नाहीत, त्याच दुपारी जनाजा निघाला. पुढचे दोन खांदे मुलांचे असतात. उजवा थोरल्या तोहिरचा होता. डावा कोणाचा होता, हे तोहिरला, म्हणजे सानोबरच्या नवऱ्याला, आजही सांगता येत नाही. गर्दी होती, डोळे भरले होते, असं तो म्हणतो. पण संध्याकाळी गल्लीतली माणसं होसियतबाईंना भेटायला आली, तेव्हा प्रत्येक जण एकच म्हणत होता. नशीबवान माणूस, दोन्ही मुलांच्या खांद्यावरून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेच्या खोलीची कडी वाजली. त्यानंतर ती रोज वाजायला लागली.

सानोबरला भूतबाधा वगैरे माहीत होती, सगळ्यांनाच असते. पण हे तसलं काही नव्हतं. कोणी रडत नव्हतं, भांडी पडत नव्हती. खोलीतला पाण्याचा तांब्या रिकामा व्हायचा. थंडीत आतून खोकला यायचा. दारातले रबरी बूट पावसात चिखलाने भरायचे. आणि दर आठवड्याला होसियतबाई आतून कपडे आणून तिच्यापुढे टाकायच्या, धुवायला. असून अडचण आणि नसून खोळंबा म्हणतात, पण नसून अडचण झालेलं माणूस तिने हे पहिलंच पाहिलं. तिच्या दोन मुली मोठ्या होत होत्या आणि आईबापाच्या खोलीतच झोपत होत्या. एकदा धीर करून तिने ती खोली मागितली, तर सासूने इतक्या आश्चर्याने बघितलं की तिलाच लाज वाटली. ‘मग तो कुठे जाईल?’ एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून एल्योर येतोय म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद सानोबरला झाला होता. तो येईल, बसून आपला नान खाईल, आणि जे काय आहे ते आपोआप मिटेल, असा तिचा सरळ हिशेब होता. तिने शेवटी स्वतःच ठरवून पाहुण्यांच्या खोलीत चांगल्यातल्या गाद्या घातल्या. सासूने येऊन त्या चाचपून पाहिल्या आणि बरं केलंस म्हणाल्या.

एल्योर दुपारी आला. वाळला होता. अंगावर राखी कोट, हातात एकच बॅग, आणि चेहरा असा की जणू चुकीच्या घराची कडी वाजवली की काय. होसियतबाईंनी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, पाठीवरून हात फिरवला, प्रवास कसा झाला विचारलं. सगळं अगदी रीतसर होतं. तेरा वर्षं परदेशी राहिलेल्या मुलाला भेटणाऱ्या आईला मात्र रीत आठवत नाही, हे सानोबरच्या मनात आलं.

मग त्यांनी घरात घालायची विजार त्याला आणून दिली. तो बदलून आला तेव्हा विजार कमरेवर धरूनच आला. ती त्याला दोन बोटं नाही, चांगली वीतभर सैल होती. होसियतबाईंनी पाहिलं आणि जीभ चावली.

‘चुकून आली हातात,’ त्या म्हणाल्या. ‘काढून ठेव ती. सूनबाई, तोहिरची एखादी दे.’

‘माझीच आहे की ही,’ एल्योर म्हणाला. ‘हा शाईचा डाग मीच पाडलाय, शाळेत असताना.’

‘होती,’ होसियतबाई म्हणाल्या आणि चहा बघायला गेल्या.

कंबर त्यांनीच उसवून वाढवली होती, दोनदा. सानोबरने तो शिवणीचा धागा ओळखला. घरचा पुलाव रोज खाणाऱ्याचं पोट सुटतंच.

जेवायला रिसोलत आत्या आल्या होत्या. एल्योरच्या वडिलांची ही थोरली बहीण. घरात कुठलाही निर्णय व्हायचा असला की वाऱ्यावर वास आल्यासारखी हजर व्हायची आणि बहुतेक वेळा तो निर्णय मोडून जायची. अंगणातल्या मोठ्या लाकडी बाजेवर जेवणाचं दस्तरखान अंथरलं होतं. द्राक्षाच्या मांडवावरची पानं पिवळी पडून मधूनच पुलावात उतरत होती. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि तोफ डागली.

‘समुद्र नसलेल्या मुलखातलं पोर जहाजं बांधायला शिकणार म्हणालं, तेव्हाच मी माझ्या भावाला म्हटलं होतं, हा काही माघारी येत नाही. जहाज काय आपल्या कालव्यात सोडणार?’

एल्योर हसला. मग त्याने, घास बाजूला ठेवून, जे सांगायला आला होता ते सांगितलं. तोहिरला ते फोनवर आधीच कळलं होतं, म्हणून तोहिर हाडातला मगज काढण्यात गुंग झाला. एल्योरला तिथलं नागरिकत्व मिळण्याची वेळ आली होती. शिकायची वर्षं तिथे कोणी फारशी धरत नाही, शिकणारा म्हणजे पाहुणाच. नोकरी लागल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं होतं, आणि आता कुठे ते मोजून झालं होतं. अर्ज आत गेला होता. पण एका माणसाला दोन देश चालत नाहीत, ना तिकडे ना इकडे. इथलं सोडून दिल्याचा कागद नेला तर तिथलं मिळणार. आणि इथलं सोडायचं तर आणखी दोन कागद लागणार होते. आईने वकिलासमोर लिहून द्यायचं, की माझा या मुलावर काही दावा नाही. आणि मोहल्ल्याच्या अध्यक्षांनी लिहून द्यायचं, की हा इतकी वर्षं इथे राहत नाही.

‘दावा नाही,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘आईने लिहायचं. पोटच्या पोराबद्दल.’

‘आत्या, तो नुसता कागद असतो,’ तोहिर म्हणाला. ‘तिकडे त्याचं बस्तान बसलं तर उद्या आपल्या मुलींचंही भलं होईल.’

‘आणि घरात वाटेकरी एक कमी होईल, तेही भलंच.’

तोहिरने हाड ताटात टाकलं. सानोबरला नवऱ्याचा राग आला आणि आत्याचाही, पण ती मूग गिळून बसली, कारण तिचं सगळं लक्ष सासूकडे होतं. सगळ्यांचंच होतं. एल्योर तर हातातला प्याला खाली ठेवून सरळ बसला होता. आई रडेल, भांडेल, बापाची शपथ घालेल, आणि त्या प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते तो विमानात घोकून आला असावा.

होसियतबाईंनी मांसाचा चांगला तुकडा त्याच्या बाजूला सरकवला.

‘सही कुठे करायची?’ त्यांनी विचारलं. ‘उद्या सकाळीच जाऊ या. दुपारी मला भाजीला जायचंय.’

एल्योरचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

‘होसियत,’ आत्याबाई सावकाश म्हणाल्या, ‘तू ऐकलंस ना हा काय म्हणाला?’

‘ऐकलं. मुलगा मोठा झालाय. जिथे त्याचं जमलंय तिथे त्याला राहू दे.’

आत्याबाईंनी एकदा उत्तरेच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग भावजयीकडे. ‘दुधाची तहान किती दिवस ताकावर भागवशील?’

‘ताक रोज मिळतं, रिसोलत,’ होसियतबाई म्हणाल्या. आणि त्यांनी पुलावाचा एक वाडगा भरून, वरून झाकण ठेवून, बाजूला काढून ठेवला. एल्योरने तो कोणासाठी म्हणून विचारलं, तेव्हा सगळे एकदम चहाबद्दल बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडचं काम झटक्यात झालं. होसियतबाईंनी सही केली, तीही वळणदार, घाई न करता. तिथून त्या बाजारात गेल्या आणि दोघे भाऊ मोहल्ल्याच्या कचेरीत. सानोबर अंगणातल्या नळावर कपडे धूत होती तेव्हा एल्योर एकटाच परत आला. तोहिर वाटेतूनच आपल्या दुकानात पळाला होता. एल्योर नळाशी येऊन उभा राहिला.

मग त्याने सांगितलं. अध्यक्ष उबैदुल्ला, पांढऱ्या दाढीचे, ज्यांच्या झाडाचे जर्दाळू त्याने लहानपणी चोरले होते, त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं, चहा दिला, आणि कागद वाचून हसले. म्हाताऱ्याची चेष्टा करतोस का, म्हणाले. रोज पहाटे माझ्या दारावरून जातोस, सलाम करतोस. परवा माझी बटाट्याची पिशवी घरापर्यंत आणून दिलीस. आणि मी लिहून देऊ, की तू इथे राहत नाहीस? एल्योरने पासपोर्टवरचे शिक्के दाखवले. शिक्के मला कळत नाहीत, माणसं कळतात, असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. निघताना मात्र त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, पण दोन दिवसांत बराच उतरलास रे, बरं नाही का तुला?

‘मी दादाकडे बघितलं,’ एल्योर म्हणाला. ‘मला वाटलं दादा हसेल. दादा जमिनीकडे बघत होता. वहिनी, हे काय आहे?’

सानोबरच्या हातात एक निळा शर्ट होता. तिने तो बुचकळायचं थांबवलं.

‘हा कोणाचा?’ त्याने विचारलं.

‘तुमचा.’

‘मी हा इथेच सोडून गेलो होतो.’

‘हो. कॉलर बघा.’

शर्टाला अजून साबण लावला नव्हता, तो नुसता भिजवलेला होता. कॉलरला आत काळी रेघ होती, आठवडाभर घालून फिरलेल्या शर्टाला असते तशी. एल्योरने तो तिच्या हातातून घेतला आणि नाकाशी नेला. स्वतःच्या घामाचा वास माणसाला येत नाही म्हणतात. त्याला आला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला, तो सानोबरने पाहिला, आणि तिला त्याची दया आली.

मग तिने सगळं सांगितलं. डाव्या खांद्याचं, कडीचं, धुण्याचं. कंगव्यात येणाऱ्या केसांत हल्ली एखाद-दुसरा पांढरा असतो, तेही. आणि दोन हिवाळ्यांपूर्वीचं. तेव्हा धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला ती माहेरी गेली होती, तोहिर ताश्कंदला अडकला होता, आणि सासूच्या छातीत कफ झाला. बर्फामुळे रस्ते बंद. ते दोघे धावतपळत आले तेव्हा शेगडी पेटलेली होती, अंगावर दोन रजया होत्या, उशाशी सुपाचा वाडगा होता. एल्योरने केलं सगळं, असं त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, ज्याने कोणी केलं त्याने यांना वाचवलं.

‘बोलतो?’

‘नाही. खोकतो.’

‘भीती नाही वाटत तुम्हाला?’

‘पहिल्या वर्षी वाटायची. मग नुसतं जास्तीचं धुणं वाटायला लागलं,’ सानोबर म्हणाली. हे तिने हसण्यासाठी म्हटलं होतं, पण हसू कोणालाच आलं नाही.

एल्योर वळला आणि अंगण ओलांडून सरळ उत्तरेच्या दाराशी गेला. स्वच्छ ऊन पडलं होतं. गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. त्याने कडी काढली आणि दार ढकललं. ते उघडलं नाही. आतून कोणी पाठ लावून बसलं असावं तसं ते किंचित हललं आणि थांबलं. त्याने पुन्हा ढकललं नाही. हात दारावर तसाच ठेवून तो उभा राहिला. आतून खोकल्याचा आवाज आला, घसा साफ करावा तसा, आणि बाहेर एल्योरचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

परत आला तेव्हा तो बाजेच्या कडेवर बसला. ‘काल आई सही करते म्हणाली ना, वहिनी,’ तो म्हणाला, ‘तेव्हा मला वाटलं, मी मेलोय आणि मला कोणी सांगितलं नाही. तिने नको म्हणावं म्हणून मी आलो होतो. नाहीतर कागद काय, पोस्टानेसुद्धा मागवले असते. तिकडे मला तेरा वर्षं रोज कोणीतरी विचारतं, तू कुठला. मी सांगतो, मर्गिलानचा. मला वाटायचं, निदान एवढं तरी पक्कं आहे.’

सानोबरने हात झग्याला पुसले. आता जे ती बोलणार होती त्यात तिचा स्वार्थ होता, हे तिला ठाऊक होतं. पण नुसताच स्वार्थ नव्हता.

‘तुमचा नान अजून टांगलेला आहे,’ ती म्हणाली. ‘राहणार असाल तर बसा आणि खा. तुम्ही तो खाल्लात की बाकी कोणाला इथे काही काम उरणार नाही.’

होसियतबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा एल्योर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. सानोबर मागे, परातीशी, कणकेचा गोळा हातात घेऊन. आईने पिशवी खाली ठेवायच्या आतच तो म्हणाला, की तो अर्ज मागे घेतोय. जात नाही. इथे काम बघेल, नाही मिळालं तर दादाच्या दुकानात बसेल. आणि त्याने खिळ्याकडे हात केला.

‘हात लावू नकोस त्याला,’ होसियतबाई म्हणाल्या.

‘माझा आहे, आई.’

‘एल्योर, नको.’

पण त्याने फडकं काढलं होतं. सानोबरला त्याचा हात वर जाऊन खाली येतानाच कळलं, की त्या फडक्याला वजन नाही. त्याने गाठ सोडली. आत काही नव्हतं. घड्यांमध्ये दोन-चार तीळ अडकले होते, तेवढेच.

‘नान कुठे आहे?’

‘खाल्ला.’

‘कोणी?’

‘ज्याचा होता त्याने,’ होसियतबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उंबऱ्यावर बसल्या. ‘तुझ्या बाबांना पोचवून माणसं परतली, तेव्हा तो इथे येऊन बसला. फडकं सोडलं. नान दगड झाला होता. चहात बुडवून बुडवून सगळा खाल्ला, चुरासुद्धा टाकला नाही. मी समोर बसून बघितलं. परत आलेला माणूस असाच खातो.’

‘आई, मी तुझ्यासमोर उभा आहे.’

‘दिसतोस की, बाळा. आंधळी नाही मी.’ त्यांचा आवाज चढला नाही. ‘तू फोनवर रडलास, ते खोटं नव्हतं. पण रडणारा तिकडे होता आणि खांदा देणारा इथे. दोघेही असू देत, मला काय जड, असं मलाही वाटलं होतं. वर्षभर मी खिळ्यावर दुसरा नान ठेवून बघितला, तुझ्या नावाचा. त्याला बुरशी आली. तू चावलेला नव्हताच तो. तुझा नान एकच होता, एल्योर, आणि त्यावर येणारा येऊन बसला.’

‘मग मी कुठला?’

‘म्हणून तर सही केली,’ होसियतबाई म्हणाल्या आणि एल्योर आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात वर करून त्याचा गाल धरला. ‘तिकडचा हो. त्यांनी अर्ज घेतलाय, ते जागा देतायत, तर घे. कुठला तरी हो. माणसाने कुठलाच नसणं फार वाईट.’

एल्योरने फडक्याची नीट घडी घातली, आईच्या मांडीवर ठेवली, आणि पाहुण्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सानोबर कणीक मळत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की त्या खोलीतलं जे काय आहे ते वाट बघतंय, आणि वाट संपली की निघून जाईल. ते वाट बघत नव्हतंच. ते पोचलेलं होतं. या घरात आता ते तिच्याइतकंच कायमचं होतं, कदाचित तिच्याहूनही जास्त, कारण ती निदान माहेरी तरी जात असे.

संध्याकाळी होसियतबाई स्वतः चपला घालून अध्यक्षांकडे गेल्या. काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. कागद घेऊन आल्या. त्यावर उबैदुल्ला अध्यक्षांनी आपल्या हाताने लिहिलं होतं, की माझ्यासमोर आलेला हा कृश बांध्याचा इसम या मोहल्ल्यात राहत नाही. खाली शिक्का होता. तोहिर म्हणाला, चालेल, कचेरीत तेवढंच बघतात.

एल्योरची गाडी सकाळची होती. रिसोलत आत्या पुन्हा हजर झाल्या, या वेळी काहीच मोडायला नाही म्हणून गप्प. सानोबर उठल्या उठल्या तंदूर पेटवून बसली होती. तीळ लावलेले नान एकामागून एक निघत होते. त्यातला सगळ्यांत गोल, सगळ्यांत लाल तिने बाजूला काढला. का काढला, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर हात थांबला असता. एका धुण्याने ती वाकली होती. या नानाचा घास त्याने घेतला, आणि हाही तेरा वर्षं खिळ्याला राहिला, तर कुठल्या सकाळी दुसरी कडी वाजेल, ते तिला कळत होतं. मुलींना खोली मिळणं राहिलंच, उद्या तिची स्वतःचीही उरणार नाही. तरीपण ज्याचा एकही नान कुठल्याच खिळ्याला नाही असा माणूस आपल्या उंबऱ्यावरून जाऊ द्यायचा, हे तिच्याने होईना.

एल्योर बॅग घेऊन उंबऱ्यात आला. तोहिरने त्याला मिठी मारली, जरा जास्तच घट्ट. सानोबर पुढे झाली आणि तिने नान दोन्ही हातांनी त्याच्या तोंडासमोर धरला.

‘एक घास घ्या, भाऊजी,’ ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला हे केवढ्याला पडेल ते त्याला समजलं होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. उत्तरेच्या खोलीत काही हललं नाही. आत्याबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या, ‘घाल त्याच्या तोंडात, बघतेस काय.’ एल्योर वाकला. नानाची ऊब त्याच्या चेहऱ्याला लागत होती. त्याने तोंड उघडलं.

‘सूनबाई,’ अंगणातून होसियतबाई म्हणाल्या, रोजच्या साध्या आवाजात, ‘असं काय करतेस? पाहुण्याला नान चावायला लावत नाहीत. बांधून देतात.’

एल्योरने तोंड मिटलं. थोडा वेळ तो तसाच वाकलेला राहिला, मग सरळ झाला. सानोबरने नान फडक्यात बांधला. गाठ तिला दोनदा मारावी लागली. त्याने ती पुरचुंडी पाहुण्याने घ्यावी तशी दोन्ही हातांत घेतली, उजवा हात छातीला लावला, आणि आईकडे बघून म्हणाला की त्यांच्या घरचं मीठ खाल्लं, आभारी आहे.

होसियतबाईही छातीला हात लावून किंचित झुकल्या.

‘पुन्हा या,’ त्या म्हणाल्या.